कपाळावरचं जांभळं कापड

मी पाचवीत असताना आई वारली. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं.

नव्या आईला मी मावशी म्हणायचे. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ती राहायला आली आणि लवकरच तापानं आजारी पडली. ताप उतरेना. शेजारणींनी तिला समजावलं की पहिलीचा मान राहिलाय. देवघरात पहिलीचा फोटो बसवून त्याला कुंकू लावल्याशिवाय ती नव्या बायकोला सुखानं राहू देणार नाही. पण आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. मग काही दिवसांनी, कारखान्यात यंत्रं विकायला आलेल्या कुणीतरी दिलेल्या जपानी कॅलेंडरचं एक पान वडील अंबडहून फ्रेम करून घेऊन आले. "जरा तिच्यासारखी दिसती," एवढंच म्हणाले.

लांबट पांढरा चेहरा, बारीक तिरपे डोळे, कपाळावर जांभळं कापड. आई अशी नव्हती, हे मला माहीत होतं. मावशीनं तिला पाहिलेलंच नव्हतं. ती रोज काचेवर, त्या कापडाच्या जागी, कुंकू लावू लागली. ताप गेला. शेजारीण तिला चिडवायची, "सवत तुझी लई गोरी गं, मंग तुला कशी काय पसंत केली?" मावशी हसायची नाही. सकाळी चहा गाळताना मला हळूच सांगायची की आई स्वप्नात येते, जांभळं फडकं बांधून, बोलत नाही.

पुढे औरंगाबादला कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला तेच चित्र दिसलं. लाकडी ठशांनी छापलेलं, जुन्या जपानी नाटकातल्या नटाचं. तिथे बायकांची कामं पुरुषच करत. त्यांना कपाळावरचे केस काढण्याची सक्ती होती. ती जागा ते जांभळ्या कापडानं झाकत.

सुट्टीत मी मावशीला हे सांगितलं. ती काच पुसत होती.

"बाप्या हाय? मंग माझ्याकडं येती ती कोन?"

ती माझ्याकडे वळली. "तू तर बघितलंय तिला. सांग, कशी होती?"

मी सांगू लागले. चेहरा लांबट, रंग गोरा, डोळे थोडे तिरपे. तिथे थांबले. नळावर हंडा भरणारी आई आठवून पाहिली, माझी वेणी घालणारी आठवून पाहिली. दोन्हीकडे तोच पांढरा चेहरा होता.

"बराबर," मावशी म्हणाली. "तीच येती."

आता वडील नाहीत, मावशीही नाही. आईला पाहिलेलं माणूस घरात मी एकटीच उरले आहे.