चुऱ्यात सापडलेला दात

संग्रहालयाच्या तळघरात ताई बावीस वर्षं दगडातून जीवाश्म सोडवत होती. भिंग, सुई, मऊ ब्रश. एकेका कवटीला वर्ष जायचं. धाकट्या बहिणीला तिनेच शब्द टाकून तिथे चिकटवलं होतं.

दुसऱ्याच वर्षी धाकटीने एक दगड उचलला. ताईने 'यात काही नाही' म्हणून बाजूला सारलेला. त्यातून मुठीएवढी कवटी निघाली: बिळं खणणाऱ्या, उंदीर-घुशींच्या फार जुन्या भाऊबंदाची. संशोधक हरखून गेले.

"असा प्राणी कुणी पाहिलाच नव्हता. त्याला तुमचंच नाव द्यायचं!"

ताईनेही टाळ्या वाजवल्या. घरी आई फोनवर सगळ्यांना सांगत होती, "आमच्या धाकटीच्या नावाचा उंदीर निघालाय!" बावीस वर्षांत आईने ताईच्या कामासाठी कधी कुणाला फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या दगडाचा चुरा चाळताना ताईला कवटीतून निखळलेला पटाशीचा दात दिसला. नखाएवढा, वाकडा. तिने तो गुपचूप एप्रनच्या खिशात टाकला.

"तेवढा दात मिळाला असता, तर हा दातांनी खणायचा की पंजांनी, ते कळलं असतं," संशोधक हळहळले. धाकटी रोज तोच चुरा पुन्हा पुन्हा चाळायची. ताई शेजारी बसून म्हणायची, "नसेलच गं." आणि तिला बरं वाटायचं.

चौथ्या महिन्यात धाकटी रडकुंडीला आली. "ताई, एकदा तू बघ ना. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

ताईने दात टेबलावर ठेवला. "पहिल्यापासून माझ्याकडेच होता."

"का गं?"

"तुझा हेवा वाटला."

"आणि आता?"

"आताही वाटतो."

धाकटीने तिच्याशी बोलणंच टाकलं. ताईने संशोधकांनाही सगळं सांगितलं. त्यांनी तिला कवट्यांवरून काढून लेबलं लिहायला बसवलं. दातावर घासल्याच्या खुणा होत्या. प्राणी दातांनीच खणायचा.

दोन महिन्यांनी धाकटी लेबलांच्या टेबलाशी आली. "दात जबड्यात बसवायचाय. मी साहेबांना विचारलंय. मी बसवला तर सांधा दिसेल, तूच बसव."

ताईने अख्खी दुपार घेतली. सांधा दिसेनासा झाला. इतकं सुरेख काम आपण हिच्या उंदरासाठी केलं, या विचाराने तिचा पुन्हा जळफळाट झाला.