रेनिटाचं दूध आटेपर्यंत

मेम्फिसमध्ये काळ्या बायकांनी चालवलेल्या एका छोट्या नाटकमंडळीत अर्लिन टिडवेल कपडेपट सांभाळायची. म्हणायला काम तेवढंच. पण कुणी नटी उपाशीपोटी तालमीला आली की अर्लिनच्या डब्यातला मक्याचा पाव तिच्यापुढे यायचा, आणि कुणाच्या वेण्या सुटल्या की तिला पायांशी बसवून अर्लिन त्या पुन्हा घालून द्यायची. सगळ्या तिला मिस अर्लिन म्हणायच्या.

मंडळीतल्या रेनिटा या नटीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दोन आठवडेही झाले नव्हते, तरी ती कामावर परतली. घर खायला उठतं, म्हणाली.

पहिल्याच प्रयोगात प्रेक्षकांतलं कुणाचं तरी तान्हं रडलं आणि रेनिटाला पान्हा फुटला. झगा भिजला. हातातलं पुस्तक छातीशी धरून तिने प्रवेश कसाबसा निभावला आणि आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली.

दिग्दर्शिका लोरेटा प्रयोग थांबवायला निघाली होती. रेनिटा नको म्हणाली. अर्लिनने सगळ्यांना बाहेर घालवलं. दूध ओसरावं म्हणून तिने कोबीची गार पानं आधीच आणून ठेवली होती. ती रेनिटाच्या छातीवर ठेवून वरून रुंद पट्टी घट्ट बांधू लागली.

"मिस अर्लिन, बाळ नाहीये, हे अंगाला कळत नाही का हो?"

"कळतं गं, पण उशिरा. माझंही असंच झालं होतं. एकोणीस वर्षांची होते. बांधून द्यायला कुणी नव्हतं. आई म्हणाली, कामावर जा."

"नाव ठरवलं होतंत?"

"हो."

पण नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. पट्टीला टाके घालून तिने रेनिटाला कोरडा झगा चढवला.

पुढे दूध आटलं तेव्हा रेनिटा जास्तच रडली. तेवढीच त्याची खूण होती, तीही गेली, म्हणाली. अर्लिन तिच्या डोक्याला तेल लावत राहिली. समजूत घालायला गेली नाही.

नाटकाचे प्रयोग संपल्यावर रेनिटा क्लीव्हलंडला बहिणीकडे गेली. रविवारी चर्चहून आल्यावर अर्लिन तिला फोन करायची. एकदा रेनिटाने सांगून टाकलं, आता पुन्हा रंगमंचावर उभं राहणं व्हायचं नाही.

त्या आठवड्यात नव्या नाटकाची मापं द्यायला मुली आल्या, तर कपड्यांच्या खोलीचं दार बंद आणि आतून अर्लिनच्या रडण्याचा आवाज. लोरेटाने त्यांना बाहेरच थांबवलं. मग एकटीच आत गेली आणि अर्लिनशेजारी बसून राहिली.