उसाच्या नळीने गार केलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरमधून पाणी गळून सतरंजीवर आलं, तेव्हा माझा चाळिशीचा लेक "आई, फडकं आण!" म्हणून ओरडत होता. कॉम्प्युटरमध्ये शेजारणीच्या लेकीचं अख्खं लग्न होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ओल्या सतरंजीवरून जाऊन भिंतीवरचं बटण मीच बंद केलं.

लेक लग्नाचे व्हिडिओ करतो. काम लवकर उरकावं म्हणून त्याने कॉम्प्युटर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला, आणि तो तापून बंद पडू लागला. साताऱ्याचा दुकानदार म्हणाला, मोठा पंखा बसवा. पण पंखा घरघरतो म्हणून या शहाण्याला तो गार ठेवायला आतून पाणीच खेळवायचं होतं, तेही उसातल्या ठिबकची उरलेली नळी जोडून.

"आई, रानात ही नळी लय टिकती की."

"रानात गळली तर ऊस पाणी पितो रं. हितं कोण पिणार हाय?"

तेव्हा तो माझ्या अडाणीपणावर हसला होता.

कॉम्प्युटर जळाला. लग्न ज्या हार्डडिस्कवर होतं, ती त्याच्याच वरच्या खणात कोरडी राहिली. तेवढी वाचली, आणि आम्ही दोघं.