हा आपला का?

पिक्चर सुरू होऊन पाच मिनिटं झाली की बाबा विचारतात, "हा आपला का?"

माझ्या बाबांना हिंदीत डब केलेले सुपरहिरोंचे पिक्चर भयंकर आवडतात. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथ चालवलेला माणूस. दापोडीच्या एका खोलीत टीव्हीसमोर मांडी घालून बसणार आणि उडणारी, हातातून वीज सोडणारी माणसं बघणार. मारामारीत त्यांना रस नाही, तेवढ्यात ते चहा करून घेतात. सगळं लक्ष एकाच गोष्टीवर, की यातले आपले कोण. खुणा ठरलेल्या आहेत. सरकार ज्यांची यादी करतं, ते आपले. ज्यांना वस्तीबाहेर राहावं लागतं, ते आपले. आणि संकटात ज्याला बोलावतात पण संकट टळल्यावर ओळख देत नाहीत, तो तर शंभर टक्के आपला. "मशीन बंद पडली की मलाच हाक मारायचे. आन् चहाला बसले की जरा सरकून बसायचे," असं म्हणून बाबा कपबशी खाली ठेवतात.

तळवड्यात माझ्या ऑफिसात हीच चर्चा इंग्रजीत चालते. जेवताना टीम लीड समजावतो, पिक्चरमधली ती जन्मतः वेगळी माणसं म्हणजे खरं तर अमेरिकेतले काळे लोक, त्यांच्या हक्काची लढाई आहे ती. सगळे हातातला घास थांबवून ऐकतात. मग कुणीतरी म्हणतं, बरंय बाबा, आपल्याकडे हे सगळं केव्हाच संपलं. मी पोळीचा तुकडा मोडते, भाजीला लावते. पूर्वी राग यायचा. आता येत नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपण गालावरून जीभ फिरवून बघतो ना, तशी मी कधीकधी स्वतःला चाचपून बघते. काहीच लागत नाही.

रहाटणीत भाड्याचा फ्लॅट शोधताना हे बधिरपण पक्कं झालं असावं. एकटी बाई, ही पहिली अडचण. मग "पूर्ण नाव काय?" माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे, त्यामुळे तेवढ्यावर लोकांचं भागत नाही. मग गाव कुठलं, वडील काय करायचे, तुमच्यात लग्नं कशी लागतात. दोन ठिकाणी खरं सांगितलं. दोन्ही ठिकाणी संध्याकाळपर्यंत मालकाच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि तो तिथेच राहायला येणार होता! तिसऱ्या ठिकाणी घरमालकीण काकू आडनाव ऐकून स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की!" मी नाही म्हटलं नाही. मी केलं ते एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकू आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहतात. बाई वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांनी मऊ भात आणून दिला. त्यांचा एक स्टीलचा डबा आहे, झाकणाला पोचा आलेला. तो कायम दोन घरांमध्ये फिरत असायचा. त्यात कधी त्यांची पुरणपोळी खाली यायची, कधी माझे लाडू वर जायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे दोघींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

थंडीत बाबांच्या हृदयात स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. दापोडीची खोली लोखंडी जिन्यावर, सरळसोट अठरा पायऱ्या. आई जाऊन सहा वर्षं झालेली. माझ्याकडे लिफ्ट होती. बाबा एक पिशवी घेऊन राहायला आले. पिशवीत कपडे, गोळ्या आणि टॉवेलात गुंडाळलेला फोटो, निळ्या कोटातला. आल्या आल्या ते हॉलमध्ये खिळा शोधायला लागले.

"बाबा, तो आत ठेवू," मी म्हटलं. "आणि फोनवर तो आपला नमस्कार जरा हळू घाला."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "सिक्रेट आयडेंटिटी, काय?"

"तसंच समजा."

"बरं माय. तुझं घर हाय."

फोटो कपाटात गेला, माझ्या साड्यांच्या वर. तेव्हा मला कसंतरी झालं असं लिहायला आवडलं असतं. पण नाही झालं. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, ते मी दाबून लावलं.

एका रविवारी दुपारी काकू साबुदाणावडे घेऊन आल्या. टीव्हीवर पिक्चर चालूच होता. एका मुलीचे हात जन्मापासून उजळतात, म्हणून तिची आई तिला भर उन्हाळ्यात हातमोजे घालून शाळेत पाठवते. काकू बघता बघता खुर्चीत टेकल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं.

"काय गुन्हा केलाय हो त्या पोरीनं? जन्मानं मिळालंय ते!"

"आन् तिनं खरं सांगितलं तर?" बाबांनी विचारलं.

"सांगावं की! माणसं काय खातात का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वड्याकडे पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सहज विचारलं, "बाकी तुमचं कुलदैवत कुठलं हो? विचारायचंच राहून गेलं बघा."

इथे बाबांबद्दल एक सांगायला हवं. खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक जण आपापल्या मशीनला हार घालतो, नारळ फोडतो. बाबांनी एकदाही फोडला नाही. आदल्या दिवशी मशीन लखलखीत पुसायचे, तेल द्यायचे आणि पूजेच्या वेळी हात मागे बांधून शेजारी उभे राहायचे. "मी मशीनला पुसतो, पुजत नाही," असं त्यांनी सुपरवायझरला तोंडावर सांगितलं. त्याचा वचपा म्हणून कितीतरी महिने रात्रपाळी लावली, तरी नाही. लहानपणी झोपताना मी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचे.

बाबा म्हणाले, "जेजुरी."

"अय्या, आमचंही तेच!" काकू खूश झाल्या, आणि बाबांच्या पानात आणखी एक वडा वाढून वर गेल्या.

बाबांनी टीव्ही बंद केला. पिक्चर अर्धा राहिला होता. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी दारात होती, कपाटातला फोटोही तीत परत गेला होता. मी जिन्याचं म्हटलं, तर म्हणाले, सावकाश चढतो. मग चपला घालता घालता म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई माझा. पण पिक्चरमधला माणूस बाहेर मास्क लावतो आन् घरी आला की काढतो. तू मला घरातच लावायला लावलास गं."

ते रिक्षात बसून गेले. मी आत आले, लॅपटॉप उघडला आणि दहाच्या मीटिंगमध्ये काल काय केलं, आज काय करणार, ते सगळं व्यवस्थित सांगितलं.

नवव्या दिवशी दापोडीच्या शेजारणीचा फोन आला. मी पोचले तेव्हा बाबा जिन्याच्या मध्यावर बसले होते, कठडा धरून, घामानं ओलेचिंब. हातात अर्धा लिटर दुधाची पिशवी. मला बघून म्हणाले, "नऊ झाल्या. नऊ ऱ्हायल्या."

तिथे लागलं. इतक्या महिन्यांनी लागलं आणि सणसणीत लागलं. माझीच मला लाज वाटली. मी पायरीवर बसून सगळ्या गल्लीदेखत रडले आणि बाबा मलाच थोपटत बसले.

डॉक्टरला दाखवून, औषध बदलून झाल्यावर मी त्यांना घरी घेऊन निघाले. बाबांनी पिशवीतल्या फोटोकडे बोट केलं. "ह्यो कुठं लावणार?"

"हॉलमध्ये. दार उघडलं की दिसेल असा."

"आन् काकू?"

"त्यांना मी सांगते."

त्याच संध्याकाळी सांगितलं. "काकू, जेजुरी आमचं नाही. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले. आम्ही बौद्ध आहोत."

"अगं, मी कुठे काही मानते? आधीच सांगायचंस ना!" काकू हसून म्हणाल्या. एक हात दारावर होता, तो त्यांनी काढला नाही. आत ये म्हणाल्या नाहीत. मीही थांबले नाही.

वैशाखी पौर्णिमेला मी खीर केली. काकूंचा डबा माझ्याकडेच राहिला होता, तो काठोकाठ भरून वर पाठवला. तासाभरानं वॉचमन डबा घेऊन परत आला. "ताई, काकूंनी दिलाय. उपास आहे म्हणाल्या." झाकण उघडलं तर खीर तशीच, वर साय धरलेली. काकू पौर्णिमेचा उपास करत नाहीत, मला माहीत आहे. आणि डबा त्यांचा होता. स्वतःचा डबाही त्यांना परत नको होता.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि उभी राहिले. बाबा हॉलमधून आले, दोन वाट्या घेतल्या, त्याच डब्यातली खीर वाढली. "झकास झालीय की! चल, बस."

फोटोखाली बसून आम्ही खीर खाल्ली. टीव्हीवर पिक्चर शेवटाला आला होता. हिरो भर चौकात उभा होता आणि सगळं शहर त्याच्याकडे बघत होतं.

"आता बघ," बाबा म्हणाले, "आता हा सगळ्यांदेखत मास्क काढणार."

"आणि मग लोक काय करतात?"

बाबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. "मग पिक्चर संपतो," ते म्हणाले.

आमचा भाडेकरार संपायला अजून दोन महिने आहेत.