डोहोबाशी भांडलेली तुळजाबाई

पेशवाईच्या उतरत्या काळात पुण्यात मुठेकाठी तुळजाबाई नावाची भोईण राहत होती. तिच्या वस्तीपाशी नदीला एक खोल डोह होता आणि त्या डोहात डोहोबा नावाचा देव. डोंगरांनी कोंडून धरलेल्या मुठेला यानंच खांद्यानं खडक फोडून वाट करून दिली, अशी वस्तीची श्रद्धा. त्या कष्टांबद्दल तो वर्षाला एक माणूस घेतो. त्यानं धरलेल्याला कुणी ओढून काढायचं नाही. काढलं तर तो नदीच परत नेतो.

तुळजाबाईही हे मानत होती. तिचा नवरा मच्छिंद्र अडकलेलं जाळं सोडवताना बुडाला, तेव्हा त्याचे तीन सख्खे भाऊ काठावर होते. तिघेही पट्टीचे पोहणारे. मच्छिंद्र दोनदा वर आला, दुसऱ्यांदा त्यानं हात उंचावला. भाऊ देवाला हात जोडून उभे राहिले. तुळजाबाईही उभीच राहिली. पुढं कित्येक वर्षं तो हात डोळ्यांपुढं आला की ती ताटावरून उठून जाई.

एका श्रावणात रंगाऱ्याची सुगराबी कापड खळबळताना घसरली आणि धारेला लागून डोहात गेली. काठावर माणसांची दाटी झाली. डोहोबाचा पुजारी संभाजी गुरव ओरडला, "कुणी उतरू नका! देवानं धरलंय तिला!"

तुळजाबाईनं पदर खोचला.

"तुळजे, देवाच्या तोंडचा घास आहे तो!"

"मग त्याला सांगा, आज उपास कर," असं म्हणून तिनं उडी टाकली.

सुगराबीला तिनं केसांना धरून काठावर आणलं. सुगराबी वाचली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्यानंतरच्या चैत्रात डोहाच्या तळाशी नुसता चिखल उरला. लोक तुळजाबाईकडे बोट दाखवू लागले. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यांवर तिला कुणी घागर भरू देईना. सुगराबीच आपल्यातलं तांब्याभर पाणी आणून द्यायची. शेवटी गुरव दारात आला.

"देवापुढं नाक घास. पुन्हा कुणाला काढणार नाही, अशी शपथ घे."

"नाक घासते. शपथ घेणार नाही."

"मग नदी येणार नाही."

"त्याचं म्हणणं काय आहे, ते मीच विचारते त्याला."

ती डोहात उतरली. त्याच्या तळावर पाय ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तळाशी डोहोबाची शिळा होती, गळ्यापर्यंत गाळात रुतलेली. भांडायला म्हणून गेलेली तुळजाबाई तिच्यापुढं बसून रडली. मच्छिंद्रचं सगळं तिनं देवाला सांगितलं. मग डोळे पुसले. "आधी तुला मोकळा करते," ती म्हणाली, "मग बोलू."

दुसऱ्या दिवसापासून ती गाळ उपसू लागली. वरून लोक बघत, हसत. तिसऱ्या दिवशी सुगराबी आपली टोपली घेऊन उतरली. दोघी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत खणत. तुळजाबाईचे तळवे सोलवटले. तिनं चिंध्या बांधल्या आणि पुन्हा कुदळ धरली. एके दुपारी मच्छिंद्रचा थोरला भाऊ खाली आला. वर न बघता त्यानं तिच्या हातातली कुदळ मागितली. तिनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि दिली.

शिळेचं बूड उघडं पडलं, तेव्हा खालच्या खडकाच्या भेगेतून पाणी पाझरू लागलं. धार करंगळीएवढी होती, पण वस्तीनं रांग लावून त्यावर मृगापर्यंत दिवस काढले.

तुळजाबाई पुढं म्हातारी होईपर्यंत दर पावसाळ्यात दोर घेऊन डोहाकाठी बसत असे. तिनं कितीतरी जणांना बाहेर काढलं. दोघं मात्र हाताला लागूनही सुटले, आणि त्यांची नावं ती कधी विसरली नाही. संभाजी गुरवानं चूक कबूल केली नाही, पण देवाच्या कथेत भर घातली: डोहोबानं तुळजाबाईला परवानगी दिली होती.

हे कानावर आलं की ती म्हणे, "मागितली कुणी होती?"