चौदाव्या दिवसाचा फॉर्म

अख्ख्या मुलुंडात लोकशाही कुणाच्या जिवावर उभी आहे, असं मला कुणी विचारलं, तर मी बेधडक माझ्या ताईच्या सासऱ्यांकडे बोट दाखवीन. ते कुठल्या पक्षाचे कार्यकर्ते नव्हेत. जन्मभर एका कारखान्यात टाइमकीपर होते, आणि मत मागायला कुणी दारात आलाच, तर त्याला चहा पाजून मागच्या जाहीरनाम्यातली न झालेली कामं वाचून दाखवतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या घरी काय शिजणार हेसुद्धा मतदानाने ठरतं. रविवारी सकाळी प्रत्येकाने माशाचं नाव लिहून चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची, काकांनी मोजायच्या आणि निकाल सगळ्यांनी मुकाट मानायचा. एकदा मी गंमत म्हणून 'वरीलपैकी एकही नाही' असं लिहिलं, तर त्या दिवशी माझ्या एकट्याच्या पानात वरणभात पडला. सुरमई दर वेळी जिंकायची आणि बांगड्याला एकच मत पडायचं. ते कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक, कारण काकूंचा जीव बांगड्यात. पण विचारलं की त्या फणकारायच्या, "माझा मत माझ्याकडे. तुमका कित्याक व्हया?" विधानसभा असो नाहीतर बांगडा, काकूंचं उत्तर हेच. काकांना त्याचा भारी अभिमान. "चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, पण हिनं मत कुणाला दिलं ते मला कळू दिलं नाही. याला म्हणतात मतदार!" असं ते पाहुण्यांना सांगत, आणि काकू आतून भांडी आपटत.

मोबाईल हातात आला की माणसं सैल होतात, काका उलट कडक झाले. सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजखाली ते एकच शब्द लिहितात, 'पुरावा?' मशीनमध्ये घोटाळा झाला, पुरावा? अमक्याने देश विकला, पुरावा? एकदा कुणीतरी गुलाबाच्या चित्रावर 'आजचा दिवस सुखाचा जाईल' असं लिहून पाठवलं, काकांनी तिथेही पुरावा मागितला. मी एकदा सहज म्हटलं, "काका, आता मत पण मोबाईलवरून देता आलं पाहिजे. दोन मिनिटांत काम झकास!" काका उखडलेच. "सोफ्यावर बसून मत देणार? मग बाजूला बसलेला तुझं बोट कुठे जातंय ते बघणार ना रे! बूथवर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्याच्यामागे बाईला नवरासुद्धा काही विचारू शकत नाही. तो आडोसा तुझ्या ॲपमध्ये कुठे आहे, दाखव."

निवडणूक सुधारणा म्हटलं की लोक दिल्लीकडे बघतात, काका आमच्या ताईच्या सोसायटीच्या चार विंगांकडे बघतात. मतदारयादीवर त्यांचा डोळा असतो. कोण अठरा वर्षांचा झाला, कोण घर विकून गेला, सगळं त्यांच्या वहीत. आणि कुणाकडे माणूस गेलं, की तेरावं होईपर्यंत काका गप्प. चौदाव्या दिवशी बेल वाजते आणि दारात काका उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात नाव वगळण्याचा फॉर्म. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नवऱ्याच्या वेळी भडकल्या होत्या. "काका, जरा दम तर धरा!" काका हळूच म्हणाले, "वहिनी, नाव राहिलं तर उद्या कुणी भामटा त्यांच्या नावावर बोटाला शाई लावून घेईल. तुमच्या माणसाचं नाव चोराच्या हातात द्यायचं?" वहिनींनी रडत सही केली. आता सोसायटीत कुणाकडे तेरावं असलं, की गुरुजींच्या पाठोपाठ काका येणार हे घरचे धरूनच चालतात.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मध्यंतरी ताईचं नाव शोधायला म्हणून मी मोबाईलवर यादी उघडली, तर तिच्या वरच्याच ओळीत काकू. मला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं आणि मी यादी मिटून टाकली. काकांना पुरावा दाखवण्याची छाती माझ्यात नव्हती.

यंदा निवडणुकीचे वारे वाहू लागले, तसा काकांचाच फोन आला. शनिवारी मी कांदिवलीहून गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आपला मोबाईल माझ्या हातात दिला. फॉर्म पुरता भरलेला होता. कारणाच्या जागी 'मृत्यू' निवडलेलं होतं. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"दोन वर्षं रोज उघडतो आणि बंद करतो," काका म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना जमलं रे. माका जमूचा नाय." काका मालवणीत शिरले म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला ठाऊक होतं. "यादीत तरी ती होती. पण मी लोकांच्या दारात जाणार आणि माझ्याच घरची यादी खोटी? दाब तू. आधी एकदा नाव वाच, मोठ्यानं."

मी काकूंचं पूर्ण नाव वाचलं, वय वाचलं, पत्ता वाचला आणि बटण दाबलं. काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मी ज्याला मत द्यायचो, त्याच्या उलट ती देणार, हे मला पक्कं माहीत होतं. आता माझं मत कापणारं घरात कुणी नाही." मला खरंच रडू आलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी रविवार. ताई, भावोजी, काका आणि मी, चौघांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. काकांनी चष्मा लावून मोजल्या आणि निकाल सांगितला, "सुरमई तीन. बांगडा एक."

दोन वर्षांत बांगड्याला मत पडलं नव्हतं. गुप्त मतदान असल्यामुळे कुणी काही विचारलं नाही. ताईने पिशवी उचलली, बाजारात गेली आणि सुरमईबरोबर दोन बांगडेही घेऊन आली. निकाल मोडला म्हणून काकांनी पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.