एका घराचा एक हात

पंचफुला मावशी शाळेच्या हापशीवर पाणी भरायला येत. वर्गात पाढे चालू असले की भरलेली गुंडी खाली ठेवून खिडकीशी उभ्या राहत. अक्षर एक येत नव्हतं, पण ऐकून ऐकून सगळे पाढे पाठ. कुणी मधली ओळ गाळली की बाहेरून आवाज यायचा, "काबे पोट्ट्या, सोळा पंचे खाऊन टाकलं का?" वर्ग हसायचा. कधी कधी ती चूक शिकवणाऱ्या मलाही कळलेली नसायची.

दिग्रसच्या बाजूचं आमचं गाव. शाळेला सातवीची मंजुरी होती, खोली नव्हती. मावशींची नात सुजाता सहावीत होती आणि तिचा बाप देवानंद पोरीला एकटीला बसने दिग्रसला धाडायला तयार नव्हता. "इथं खोली झाली तं शिकन, नाई तं माह्यासंग कापूस वेचन," मावशी म्हणायच्या.

घरपट्टी वाढवून खोली बांधावी, असा ठराव ग्रामसभेत आला. घरपट्टीच्या ठरावाला गावात एका घराचा एकच हात मोजायची रीत होती. घर ज्याच्या नावावर, हात त्याचा. देवानंद पुढे बसला होता, हात गुडघ्यांवर. मागे बायकांतून मावशींचा हात सरळ वर गेला.

"हात खाली घ्या मावशी, घर देवानंदच्या नावानं हाय," सरपंच म्हणाले.

"घर त्याचं अशीन, हात तं माहा हाय ना?" सभा हसली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. सांगा बरं, मत घराले असते का मानसाले?"

मला नियम माहीत होता. मतदार यादीतल्या प्रत्येकाला मत असतं. पण गावच्या वादात मास्तराने पडू नये, असं मनाला समजावत मी खाली बघत राहिलो. मोजणी संपेपर्यंत त्यांचा हात वर होता. तो कुणी मोजला नाही. ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी मी हापशीवर गेलो. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं, सर? तुम्ही तं काही बोललेच नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गुंडी उचलून त्या निघून गेल्या.

उन्हाळ्यात सुजाताचा दाखला मीच लिहिला. तो पुढे कुठल्याही शाळेत गेला नाही. कापूस फुटला तेव्हा मावशी तापाने अंथरुणाला खिळल्या आणि आठवड्यात गेल्या. भेटायला गेलो तर आल्यागेल्याला पाणी देत होती सुजाता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तोच ठराव पुन्हा आला. या वेळी मी उठलो आणि नियम वाचून दाखवला. सरपंच म्हणाले, "ठीक हाय. मानसं मोजा." बायकांचे हात वर गेले. देवानंदचाही गेला. ग्रामसेवकाने दोनदा मोजलं.

ठराव एका हाताने पडला.